संग्राह्य नाणी व नोटा : दर्शनी मूल्य आणि संग्राहक-मूल्य

त्यांवर अंकित केलेल्या किमतीपेक्षा अधिक पैसे देऊन, विनिमयासाठी नव्हे तर संग्रही ठेवण्यासाठी, जी नाणी व चलनी नोटा विकत घेतल्या जातात, त्यांना संग्राह्य चलन असे म्हणता येईल. एकाच नाण्याला तीन प्रकारची मूल्ये असू शकतात : (१) दर्शनी मूल्य, म्हणजे राज्यसंस्थेने कायद्याने ठरवून दिलेली किंमत, (२) धातुमूल्य, म्हणजे नाणे वितळविले असता मिळणाऱ्या धातूची बाजारभावाने होणारी किंमत, आणि (३) संग्राहक-मूल्य, म्हणजे एखादा संग्राहक त्या नाण्यासाठी द्यावयास तयार असलेली किंमत. नोटेच्या बाबतीत दुसरे मूल्य जवळजवळ नसतेच. ही तीन मूल्ये एकमेकांवर अवलंबून नसतात. दर्शनी मूल्य नष्ट झाल्यावरही संग्राहक-मूल्य टिकू शकते, किंबहुना पुष्कळदा ते त्यानंतरच वाढू लागते.

चलनाचा मुख्य गुण म्हणजे त्याच्या नगांचा एकसारखेपणा. एक रुपया दुसऱ्या रुपयाइतकाच चांगला असतो. उसना दिलेला रुपयाच परत मिळावा, असा आग्रह कोणी धरीत नाही. संग्राहक मात्र एका विशिष्ट नगाच्या शोधात असतो. त्याच्या दृष्टीने दोन नाणी सारखी नसतात. म्हणून एखादे नाणे त्याच्यासारख्या इतर नाण्यांच्या जागी चालू शकत नाही, तेव्हाच त्याला दर्शनी मूल्याहून अधिक किंमत येते. हे वेगळेपण दुर्मिळतेमुळे, टांकसाळीतील चुकीमुळे, उत्तम अवस्थेमुळे किंवा पूर्वेतिहासामुळे येते. ज्या नगाला असे कोणतेही वेगळेपण नाही, तो कितीही जुना असला, तरी केवळ चलनच राहतो किंवा धातूच्या भावाने विकला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : विनिमयाखेरीज अन्य कारणांसाठी नाणी जवळ ठेवण्याची प्रथा प्राचीन आहे. रोमन सम्राट ऑगस्टस सणाच्या प्रसंगी जुनी व परदेशी नाणी भेट म्हणून देत असे, असा उल्लेख स्विटोनिअस या चरित्रकाराने केला आहे. चौदाव्या शतकात इटालियन कवी पीत्रार्क याने रोमन नाणी जमविली व त्यांपैकी काही सम्राट चौथा चार्ल्स यास भेट दिली. पुढे यूरोपातील राजघराण्यांत हा छंद पसरला व त्यास ‘राजांचा छंद’ असे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात या छंदास अभ्यासाची जोड मिळाली. कलकत्त्याच्या टांकसाळीतील धातुपरीक्षक जेम्स प्रिन्सेप याने १८३० नंतरच्या दशकात प्राचीन भारतीय लिप्यांचा उलगडा केला. खरोष्ठीच्या वाचनात त्यास इंडो-ग्रीक राजांच्या द्वैभाषिक नाण्यांचा मोठा उपयोग झाला. चलनातून केव्हाच बाद झालेली ही नाणी अशा रीतीने इतिहासाची साधने ठरली.

महाराष्ट्रात नाण्याला विनिमयापलीकडचे स्थान फार पूर्वीपासून होते. व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यावरील मानवी आकृतींमुळे त्यास ‘पुतळी’ म्हणत आणि त्यांची किंवा त्यांच्या नकलांची माळ स्त्रिया गळ्यात घालीत. दिवाळीतील लक्ष्मीपूजनास जुने चांदीचे रुपये मांडण्याची प्रथा अनेक घरांत आहे. येथे मूल्य श्रद्धेचे व सौंदर्याचे असे. कोणत्या वर्षाचे व कोणत्या टांकसाळीचे नाणे, हा विचार त्यात नसे. तो विचार संग्राहकाबरोबर आला.

धातुमूल्य : जुन्या नाण्यास मिळणारी अधिक किंमत हे नेहमीच संग्राहक-मूल्य असते असे नाही. १८३५ च्या कायद्यानंतर ब्रिटिश भारतात प्रचलित झालेल्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सु. ११·६६ ग्रॅम, असून त्यात अकरा-बारांश शुद्ध चांदी होती. अशा एका रुपयात सु. १०·७ ग्रॅम चांदी मिळते. त्यामुळे व्हिक्टोरिया राणीचा सर्वसामान्य, झिजलेला रुपयाही सराफाकडे एका रुपयापेक्षा कितीतरी अधिक किमतीस विकला जातो. परंतु ही किंमत चांदीची असते. तितक्याच वजनाच्या व कसाच्या चांदीच्या तुकड्यालाही ती मिळाली असती.

धातुमूल्य दर्शनी मूल्याच्या वर गेले की नाणी चलनातून नाहीशी होऊ लागतात. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई निर्माण झाली, तेव्हा हिंदुस्थान सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ पासून एक रुपयाची नोट काढली व तिच्या पाठोपाठ दोन रुपये आठ आण्यांची नोट काढली. या दोन्ही नोटा १ जानेवारी १९२६ पासून बंद करण्यात आल्या. एक रुपयाची नोट १९४० मध्ये पुन्हा सुरू झाली, अडीच रुपयांची मात्र पुन्हा कधीच निघाली नाही. त्यामुळे अडीच रुपयांची नोट हा भारतीय नोटांच्या संग्रहातील एक मोलाचा नग मानला जातो. चांदीच्या टंचाईने जन्मलेली, अल्प काळ वापरात असलेली आणि सामान्य माणसाने जपून ठेवण्याचे काही कारण नसलेली ही नोट संग्राहक-मूल्याच्या उगमाचे उत्तम उदाहरण आहे.

दुर्मिळता : किती नग पाडले यापेक्षा किती नग शिल्लक उरले, यावर दुर्मिळता ठरते. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगावरील पदकमालेत हत्तीची आकृती होती. ती लहान व अस्पष्ट असल्यामुळे डुकरासारखी दिसते, अशी तक्रार झाली व मुस्लिम समाजात असंतोष पसरला. पाडलेल्या सु. ९४ लक्ष रुपयांपैकी सु. ७ लक्षच चलनात आले होते. उरलेले वितळविण्यात आले व १९१२ पासून हत्तीची आकृती सुधारून नवा ठसा वापरण्यात आला. १९११ हे वर्ष असलेल्या रुपयास १९१२ किंवा त्यानंतरच्या रुपयापेक्षा बरीच अधिक किंमत येते, ती यामुळेच. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया याहून दुर्मिळ आहे. जुन्या कसाच्या चांदीचे हे नाणे अगदी थोड्या संख्येने बाहेर पडले आणि १९४० मध्ये रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणण्यात आले. त्यानंतर जुन्या कसाचे रुपये सरकारने चलनातून काढून घेतले. त्यामुळे मुळातच अल्प असलेल्या नगांत आणखी घट झाली.

वय आणि दुर्मिळता यांचा संबंध मानला जातो तितका निकटचा नाही. मौर्यकालीन आहत नाणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. परंतु त्यांचे मोठमोठे साठे जमिनीत सापडल्यामुळे सामान्य प्रकारची आहत नाणी अल्प किमतीत मिळू शकतात. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या सु. १३,२५० नाण्यांचा साठा उघडकीस आला. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या पराभवाचा हा ठोस पुरावा इतिहासाच्या दृष्टीने अमूल्य आहे. परंतु बाजाराच्या दृष्टीने पाहता असा एक साठा त्या प्रकारच्या नाण्यांची दुर्मिळता एका दिवसात संपवू शकतो. ऐतिहासिक महत्त्व व बाजारातील किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या नाण्यांत हाच भेद एकाच राजवटीत पाहावयास मिळतो. राज्याभिषेकाच्या वेळी (१६७४) पाडलेला सोन्याचा होन व तांब्याची शिवराई या दोहोंवर ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ अशीच अक्षरे आहेत. होनाचे वजन सु. २·७ ग्रॅम. अस्सल होन फारच थोडे उपलब्ध असून त्यांना सोन्याच्या किमतीच्या अनेक पटींनी मोल येते. शिवराई मात्र पुढील राज्यकर्त्यांच्या काळातही अनेक टांकसाळींतून पाडली जात राहिली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत व्यवहारात होती. त्यामुळे उत्तरकालीन सामान्य शिवराई सहज मिळते. दोहोंविषयीचा आदर सारखाच असला, तरी त्यांच्या उपलब्धतेत महदंतर आहे.

नोटांची दुर्मिळता : नोटांचा नाश नाण्यांपेक्षा सहज होतो. कागद फाटतो, कुजतो, त्याला वाळवी लागते. आणि नोट ही मुळात परत करण्यासाठीच काढलेली असते. १८६१ च्या कायद्यान्वये हिंदुस्थान सरकारने काढलेल्या पहिल्या नोटा म्हणजे चांदीचे रुपये देण्याची लेखी हमी होती. धारक ती नोट देऊन रुपये घेई व परत आलेली नोट सरकार रद्द करून नष्ट करी. टपालातील चोरी टाळण्यासाठी व्यापारी नोटेचे दोन तुकडे करीत, एक तुकडा आधी पाठवीत आणि तो पोहोचल्यावर दुसरा रवाना करीत. दोन्ही जुळवून नोट वटविली जाई. म्हणून त्या काळच्या ज्या थोड्या नोटा उरल्या आहेत, त्यांपैकी काही मधोमध जोडलेल्या आढळतात. नोट न वटविता ठेवणे म्हणजे तेवढ्या रुपयांवर पाणी सोडणे होते. त्यामुळे मोठ्या रकमेच्या जुन्या नोटा अत्यंत दुर्मिळ आहेत.

राजकीय बदलांमुळे अल्पायुषी ठरलेल्या नोटांनाही संग्राहकांची मागणी असते. इराणच्या आखातातील प्रदेशांत भारतीय रुपया प्रचलित होता. सोन्याच्या चोरट्या व्यापारास आळा घालण्यासाठी १९५९ मध्ये त्या भागापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढण्यात आल्या; हज यात्रेकरूंसाठीही दहा व शंभर रुपयांच्या स्वतंत्र नोटा निघाल्या. कुवेतने १९६१ मध्ये आपले स्वतंत्र चलन सुरू केले. १९६६ मधील रुपयाच्या अवमूल्यनानंतर इतर प्रदेशांनीही रुपया सोडून दिला. बँकांमार्फत परत आलेल्या नोटा नष्ट झाल्या. पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यात रुपिया हे चलन जाऊन १९५९ मध्ये एस्कुदो आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यामुळे एस्कुदोच्या नोटांना अवघ्या दोन-तीन वर्षांचे आयुष्य लाभले.

अपघातही दुर्मिळता निर्माण करतो. लंडनहून मुंबईकडे निघालेली ‘शिराला’ ही आगबोट जुलै १९१८ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडविली. तीमधून येत असलेल्या पाच व दहा रुपयांच्या, सही न झालेल्या नोटा इंग्लंडच्या किनाऱ्याला लागल्या. अधिकाऱ्यांनी बहुतेक नोटा गोळा करून नष्ट केल्या व त्यांच्याऐवजी नव्या छापल्या. काही थोड्या खाजगी व्यक्तींच्या हाती राहिल्या. त्यांतील दहा रुपयांच्या दोन नोटा २०२४ मध्ये लंडन येथे लिलावास आल्या. सही नसल्यामुळे या नोटा वास्तविक चलन कधी झाल्याच नव्हत्या. त्यांचे मोल त्यांच्या कथेत व त्या कथेतून वाचलेल्या अल्प संख्येत आहे.

चुका व भेद : ज्या चुकीमुळे टांकसाळीच्या कामात उणेपणा येतो, तीच चूक संग्राहकाला आकर्षित करते. ठसा मध्यभागी न उमटणे, दोन्ही बाजूंस एकच चित्र उमटणे, दोन वेगळ्या नाण्यांचे ठसे एकत्र वापरले जाणे, हे असे प्रकार होत. ब्रिटनमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्याची रचना बदलली व वर्षाचा आकडा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर नेण्यात आला. काही नाणी पाडताना जुन्या रचनेची दर्शनी बाजू व नव्या रचनेची मागील बाजू एकत्र आली. परिणामी कोणत्याच बाजूस वर्ष नसलेली नाणी चलनात गेली व लोक त्यांसाठी वीस पेन्सच्या अनेक पटींनी पैसे देऊ लागले.

चूक नसलेले सूक्ष्म भेदही महत्त्वाचे ठरतात. भारतीय नाण्यावरील वर्षाखाली चौकटच्या आकाराची खूण असल्यास ते मुंबईच्या, पाच टोकांची चांदणी असल्यास हैदराबादच्या व ठिपका असल्यास नोएडाच्या टांकसाळीचे असते. खूण नसल्यास सामान्यतः ते कोलकात्याचे समजतात. एकाच वर्षाचे नाणे एका टांकसाळीतून विपुल व दुसरीतून अल्प निघालेले असू शकते. नोटांमध्ये सही पाहिली जाते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर बी. एन. आडारकर यांची कारकीर्द ४ मे ते १५ जून १९७० एवढीच होती. त्यांची सही महात्मा गांधी जन्मशताब्दीनिमित्त काढलेल्या नोटांपैकी काहींवर आढळते. छपाईत खराब झालेल्या नोटेऐवजी घातलेल्या नोटेच्या क्रमांकात तारकाचिन्ह असते. रिझर्व्ह बँकेने ही पद्धत २००६ पासून लहान रकमेच्या नोटांसाठी सुरू केली. ‘७८६’ हा आकडा मुस्लिम समाजात शुभ मानला जात असल्यामुळे तो आकडा असलेल्या नोटा जपून ठेवल्या जातात. सर्व अंक सारखे असलेल्या किंवा चढत्या क्रमाने येणाऱ्या क्रमांकांनाही मागणी असते.

मागणी : केवळ दुर्मिळतेने किंमत येत नाही. एखाद्या लहान संस्थानाच्या तांब्याच्या नाण्याचे दहा-वीस नगच ज्ञात असतील, परंतु ते हवे असणारे संग्राहक त्याहूनही थोडे असतील, तर किंमत अल्पच राहते. उलट, अमेरिकेतील सॅन फ्रॅन्सिस्को येथे १९०९ मध्ये पाडलेल्या, रचनाकाराची आद्याक्षरे असलेल्या लिंकन सेंटचे ४,८४,००० नग निघाले होते. तरीही एका सेंटच्या या नाण्यास शेकडो डॉलर पडतात. याचे कारण संग्रहाच्या पद्धतीत आहे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रत्येक वर्षाच्या व टांकसाळीच्या सेंटसाठी एकेक खाच असलेले पुठ्ठे स्वस्तात विकले जाऊ लागले. लक्षावधी लोकांनी ते भरावयास घेतले व सर्वांना शेवटी त्याच दोन-चार रिकाम्या खाचा भरावयाच्या राहिल्या. मालिका पूर्ण करण्याची ही ओढ संग्राहक-मूल्याचा बळकट आधार आहे. लिलावात किंमत चढण्यासाठी एक उत्सुक ग्राहक पुरत नाही, दोन लागतात.

संग्राहकाचे हेतू संमिश्र असतात. ज्ञान, सौंदर्य, पूर्णतेची ओढ, प्रतिष्ठा, गतकाळाविषयीचा जिव्हाळा व नफ्याची आशा यांचे प्रमाण व्यक्तिपरत्वे बदलते. जहांगीर बादशहाने पाडलेली राशिचक्राची नाणी यांपैकी बहुतेक हेतू एकाच वेळी पूर्ण करतात. महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्याच्या राशीचे चित्र नाण्यावर घालण्याची कल्पना आपलीच, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. ती सुंदर आहेत, बारा राशींची मालिका पुरी करण्याचे आव्हान देतात, आणि शाहजहानने ती वितळविण्याची आज्ञा दिली होती असे सांगितले जाते. त्यांच्या बनावट नकलाही त्यामुळेच मोठ्या प्रमाणावर झाल्या.

अवस्था व प्रतवारी : एकाच प्रकारच्या दोन नाण्यांच्या किमतींत अवस्थेमुळे मोठे अंतर पडते. विल्यम शेल्डन या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन सेंटसाठी १ ते ७० अशी गुणांकश्रेणी मांडली. सर्वांत झिजलेल्या नाण्यास १ व निर्दोष नाण्यास ७० गुण द्यावेत आणि किंमतही साधारणपणे त्याच प्रमाणात असावी, अशी तिची मूळ कल्पना होती. किमतींचे हे प्रमाण पुढे टिकले नाही, परंतु गुणांची श्रेणी टिकली. अमेरिकेत १९८६-८७ पासून नाणी तपासून, गुण देऊन पारदर्शक वेष्टनात बंद करणाऱ्या संस्था निघाल्या व ही पद्धत सर्वत्र पसरली. नोटेच्या बाबतीत घडी, डाग, कडांची झीज व भोके पाहिली जातात. भारतात नोटांची पुडकी टाचण्याची रीत होती. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये ती बंद करण्याचे आदेश दिले. तत्पूर्वीच्या न वापरलेल्या नोटांवरही टाचणीची भोके असतात, हे या रीतीमुळेच होय.

जुने नाणे चिंच, राख किंवा रसायने लावून घासल्यास ते चकाकते. परंतु काळाच्या ओघात पृष्ठभागावर तयार झालेला थर जातो, बारीक ओरखडे उठतात व संग्राहक-मूल्य कायमचे घटते. घरातील देवपूजेच्या भांड्यांबरोबर घासून लख्ख केलेल्या असंख्य नाण्यांचे असे नुकसान झाले आहे.

पूर्वेतिहास : नाणे कोणाकडून कोणाकडे गेले, याची खात्रीलायक नोंद त्याची सत्यता व कायदेशीरपणा सिद्ध करते. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेचे १९३३ चे वीस डॉलरचे सुवर्णनाणे. त्या वर्षी ४,४५,५०० नाणी पाडली गेली. परंतु अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोने जनतेकडून परत घेण्याचे धोरण अवलंबिल्यामुळे ती चलनात न आणता वितळविण्यात आली. काही नाणी टांकसाळीतून गुपचूप बाहेर गेली. त्यांपैकी एक ईजिप्तचा राजा फरूक याने मिळविले व १९४४ मध्ये अमेरिकन सरकारनेच त्यास निर्यातीचा परवाना दिला. पुढे ते नाहीसे झाले आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे जप्त करण्यात आले. तडजोडीनंतर २००२ मध्ये त्याचा लिलाव होऊन सु. ७५ लक्ष ९० हजार डॉलर आले. या रकमेत वीस डॉलर वेगळे धरलेले होते. नाणे अधिकृतपणे चलनात कधीच आले नसल्यामुळे त्याचे दर्शनी मूल्य सरकारी खजिन्यात भरून ते प्रथमच रीतसर ‘चलन’ करण्यात आले. २०२१ मध्ये तेच नाणे सु. १ कोटी ८९ लक्ष डॉलरना विकले गेले. त्याच वर्षाची इतर दहा नाणी मात्र न्यायालयाने सरकारची मालमत्ता ठरविली. धातू, ठसा व वर्ष तेच असताना एक नाणे कोट्यवधी डॉलरचे व इतर दहा खाजगी व्यक्तींना विकताही न येणारी, हा फरक केवळ पूर्वेतिहासाचा आहे.

राज्यसंस्था व संग्राहक : दर्शनी मूल्य राज्यसंस्था देते व तीच ते काढूनही घेते. भारतात १९४६, १९७८ व २०१६ या वर्षी मोठ्या रकमेच्या नोटा बाद करण्यात आल्या. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून विधिग्राह्य राहिली नाहीत. २०१६ मध्ये बाद झालेल्या पाचशे व हजार रुपयांच्या नोटांसंबंधीच्या २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा अधिक नोटा बाळगण्यास बंदी केली; मात्र अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठी पंचवीस नोटांपर्यंत मुभा ठेवली. ज्या कायद्याने नोटेचे दर्शनी मूल्य संपविले, त्यानेच तिचे अभ्यासमूल्य मान्य केले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

संग्राहकांच्या मागणीचा लाभ राज्यसंस्थाही घेते. भारताने १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ पहिली स्मारक नाणी काढली. गांधी जन्मशताब्दीनिमित्त चांदीचे दहा रुपयांचे नाणे निघाले. पुढे केवळ संग्राहकांसाठी पाडलेली, मोठ्या दर्शनी मूल्याची नाणी टांकसाळी विशेष वेष्टनात अधिक किमतीस विकू लागल्या. बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचे हजार रुपयांचे नाणे हे याचे उदाहरण. अशी नाणी प्रारंभापासूनच जपली जात असल्यामुळे त्यांचा नाश होत नाही, आणि म्हणून बहुतेकांची किंमत फारशी वाढत नाही. मुद्दाम निर्माण केलेली दुर्मिळता व काळाने घडविलेली दुर्मिळता यांतील फरक येथे दिसतो.

अपसमज व फसवणूक : मोठ्या लिलावांच्या वार्तांमुळे कोणतेही जुने नाणे लाखमोलाचे असते, असा समज पसरतो. वैष्णोदेवीचे चित्र असलेले २०१२ चे पाच रुपयांचे नाणे किंवा ‘७८६’ क्रमांकाची नोट लक्षावधी रुपयांना विकत घेऊ, अशा जाहिराती करून नोंदणी, दलाली किंवा कर यांच्या नावाखाली लोकांकडून आगाऊ पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह अशा व्यवहारांत वापरले जात असल्याचे आढळल्यावरून तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेस सावध केले; आपण अशा खरेदी-विक्रीत नाही व कोणासही शुल्क घेण्याचा अधिकार दिलेला नाही, असे तिने स्पष्ट केले. वैष्णोदेवीचे नाणे मोठ्या संख्येने चलनात आलेले असून बहुतांशी त्याचे मोल दर्शनी मूल्याच्या आसपासच असते. खरा ग्राहक विक्रेत्याकडून आगाऊ रक्कम मागत नाही, ही साधी कसोटी पुरेशी ठरते.

दुसरा प्रकार काल्पनिक नाण्यांचा. रामपंचायतन, हनुमान इ. देवतांची चित्रे असलेली व ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १६१६, १७१७, १८१८ यांसारखी वर्षे धारण करणारी तांब्या-पितळेची नाणी गावोगाव दाखविली जातात व त्यांत अद्‌भुत शक्ती असल्याचे सांगून विकली जातात. कंपनीने अशी नाणी कधीही काढली नव्हती. ती कोणत्याही राज्याचे चलन नसल्यामुळे त्यांना दर्शनी मूल्य नाही, आणि अलीकडे विपुल प्रमाणात बनविलेली असल्यामुळे संग्राहक-मूल्यही नाही.

जतन व कायदा : १८७८ च्या भूमिगत निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगीरीत्या परदेशी नेण्यास मनाई केली. असे असूनही शेतात किंवा पडक्या वाड्यात सापडलेले साठे गुपचूप वाटून घेतले जातात व पुष्कळदा सराफाच्या मुशीत जातात. साठ्याची जागा, त्यातील नाण्यांची संख्या व त्यांची परस्पर संगती नष्ट झाली की त्यातून मिळू शकणारा इतिहासही नष्ट होतो. एकेका नाण्याला आलेली किंमत ती हानी भरून काढू शकत नाही. जोगळटेंभीचा साठा फुटून गेला असता, तर नहपानाच्या नाण्यांवर किती मोठ्या प्रमाणात पुन्हा ठसा मारला गेला होता, हे सुट्या नाण्यांवरून समजले नसते.

या दृष्टीने अभ्यासू संग्राहकांचे व संस्थांचे कार्य महत्त्वाचे आहे. भारतीय नाणक परिषदेची स्थापना १९१० मध्ये अलाहाबाद येथे झाली. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये नाणकशास्त्राच्या संशोधनासाठी संस्था निघाली व परमेश्वरीलाल गुप्त यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे अभ्यास व प्रशिक्षण सुरू झाले. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये मुंबईत चलनविषयक वस्तुसंग्रहालय उघडले.

दर्शनी मूल्य हे राज्यसंस्थेचे वचन असते व त्या राज्यसंस्थेबरोबर किंवा तिच्या एका आदेशाबरोबर ते संपते. धातुमूल्य मुशीत मोजले जाते. संग्राहक-मूल्य मात्र त्या प्रकारचे बहुतेक नग नष्ट झाले असताना एखादा नग उरला, तो अस्सल असल्याचे सिद्ध झाले आणि तो हवा असणारे लोक आहेत, या तीन गोष्टी एकत्र आल्यावरच निर्माण होते. त्यामुळे ते थोड्याच नगांच्या वाट्यास येते. घरातील जुन्या पेटीत सापडलेले नाणे बहुधा त्यांपैकी नसते. तरीही ते न घासता, न वितळविता, कोठून आले त्या माहितीसह जपून ठेवावे, हेच श्रेयस्कर. कारण किमतीचा निर्णय पुढेही होऊ शकतो, मुशीत गेलेले नाणे मात्र परत मिळत नाही.